शिराजचा हाफिज

रमजानच्या रात्री तरावीहच्या नमाजेत ज्यांच्या मुखातून अखंड कुरआन ऐकू येतो, त्यांना हाफिज म्हणतात. ज्यांना सारा कुरआन पाठ आहे ते. पण फारसी जगतात नुसते हाफिज म्हटले की एकच नाव आठवते: शिराजचे कवी ख्वाजा शमसुद्दीन मुहम्मद. कुरआन तोंडपाठ होता म्हणूनच त्यांनी हे टोपणनाव घेतले.

चौदाव्या शतकातले शिराज बागांचे आणि विद्वानांचे शहर, पण तख्त मात्र सतत डळमळते. हाफिजांनी तरुणपणी काव्यप्रेमी अबू इसहाकची राजवट पाहिली. 1353 मध्ये मुबारिजुद्दीनने शहर जिंकले आणि कडक धर्माचरणाचा अंमल बसवला. पाच वर्षांनी त्याचाच मुलगा शाह शुजा याने त्याला पदच्युत केले. राज्यकर्ते बदलत राहिले, हाफिज गजला लिहीत राहिले. त्यांचा रोख पापी माणसावर नसे. वरून धार्मिक आणि आतून पोकळ असलेल्यांवर असे. दिखाऊ इबादतीसारखा दुसरा रोग नाही, हे ते आयुष्यभर सांगत आले.

त्यांची कीर्ती आपल्या दख्खनपर्यंत पोहोचली होती. 1347 मध्ये दौलताबादेत स्थापन झालेल्या बहमनी राज्याची राजधानी तेव्हा गुलबर्ग्याला होती. तिथल्या सुलतानाच्या दरबारातून मीर फजलुल्लाह इंजू यांनी हाफिजांना वाटखर्च पाठवून बोलावणे धाडले. पुढची हकीकत विजापूरच्या दरबारात बसून इतिहास लिहिणाऱ्या फरिश्त्याने नोंदवली आहे. आलेल्या पैशातून हाफिजांनी नातलगांना मदत केली, कर्ज फेडले आणि उरलेले घेऊन निघाले. वाटेत लार गावी एक ओळखीचा माणूस भेटला. लुटारूंनी त्याला नागवले होते. जवळचे होते नव्हते ते हाफिजांनी त्याला देऊन टाकले. पुढे व्यापाऱ्यांच्या मदतीने ते होर्मुझ बंदराला पोहोचले, जहाजात चढले. पण जहाज सुटण्याआधीच वादळ उठले. ते किनाऱ्यावर उतरले, एक गजल दख्खनला पाठवली आणि शिराजला परतले.

1390 च्या सुमारास त्यांचे निधन झाले. त्यांच्या जनाजाच्या नमाजेलाही काही कर्मठांनी हरकत घेतली होती, असे सांगतात. आज त्या कर्मठांची नावे कुणाला ठाऊक नाहीत. हाफिजांची कबर मात्र शिराजला जाणारा प्रवासी चुकवत नाही. 1773 मध्ये करीमखान झंदने तिथे इमारत उभारली. आजचा आठ खांबांचा, तांब्याच्या घुमटाचा मंडप 1930 च्या दशकातला आहे. लोक कबरीच्या शिळेला बोटे टेकवून फातिहा पढतात, दिवान उघडून त्यात आपले भविष्य शोधतात. शिराजला पर्सेपोलिसही जवळ आहे. तिथे सम्राटांचे भग्न खांब पाहायचे आणि संध्याकाळी हाफिजांच्या बागेत यायचे.

रोजा पोटाचा असतो, तसा दिखाव्याचाही असावा. लारच्या वाटेवर खिसा रिकामा करणाऱ्या या हाफिजांनी तो पाळला होता.