टेक्स रिटर : लोकगीत, विद्यापीठ आणि स्वस्त चित्रपट

वुडवर्ड मॉरिस रिटर याचा जन्म १२ जानेवारी १९०५ रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या पूर्व भागात, पॅनोला काउंटीतील मर्व्हॉल या लहानशा वस्तीत झाला. पुढे ‘टेक्स’ या नावाने तो गायक आणि चित्रपटनट म्हणून देशभर ओळखला गेला. पडद्यावर आणि ध्वनिमुद्रिकांच्या वेष्टनांवर तो नेहमीच रुंद कडांची टोपी घातलेला घोडेस्वार काऊबॉय म्हणून दिसला. परंतु त्याची जन्मभूमी ही गुरांच्या विस्तीर्ण कुरणांची भूमी नव्हती. पूर्व टेक्सास हा पाइन वृक्षांच्या अरण्याचा, लाकूडतोडीचा आणि कापसाच्या शेतीचा प्रदेश होय. त्याचे घराणे शेतकऱ्याचे होते. पुढे कुटुंबाने मेक्सिकोच्या आखाताजवळील नेदरलँड या गावी स्थलांतर केले, आणि तो परिसर तर खनिज तेलाच्या उद्योगाचा. ज्या गीतांमुळे रिटरला कीर्ती लाभली ती त्याला घरच्या व्यवसायातून मिळाली नव्हती. ती त्याला शिकावी लागली. ती त्याने कोठे मिळवली आणि पुढे त्यांचे काय केले, हा त्याच्या चरित्रातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

मराठीतील ‘गुराखी’ हा शब्द काऊबॉयला पुरता लागू पडत नाही. १८६५ साली यादवी युद्ध संपल्यानंतरच्या सुमारे दोन दशकांत टेक्सासमधील गुरांचे प्रचंड कळप शेकडो मैल उत्तरेस, कॅन्ससमधील रेल्वेस्थानकांपर्यंत हाकत नेले जात. हे काम करणारा घोड्यावरचा मजूर म्हणजे काऊबॉय. त्याची साधने, कसब आणि शब्दसंग्रह यांचा मोठा भाग मेक्सिकन ‘वाकेरों’कडून आलेला होता. या मजुरांत मेक्सिकन आणि कृष्णवर्णीय माणसे लक्षणीय संख्येने होती. रात्रीच्या पहाऱ्यात बुजऱ्या जनावरांना शांत ठेवण्यासाठी, आणि एरवी कंटाळा घालवण्यासाठी, ही माणसे गात. जुनी ब्रिटिश कथागीते, नाविकांची गाणी आणि भक्तिगीतांच्या चाली यांची त्यात सरमिसळ होती. रेल्वेचा विस्तार आणि काटेरी तारांची कुंपणे यांमुळे ही लांबची वाटचाल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपूर्वीच थांबली. रिटरच्या जन्माच्या वेळी ते जीवन स्मृतीत जमा झाले होते, आणि त्या जीवनातील गीते संग्राहकांच्या हाती पडू लागली होती. १९१० साली जॉन लोमॅक्स याने काऊबॉयच्या गीतांचा आपला सुप्रसिद्ध संग्रह प्रसिद्ध केला. पुढे ज्या गीताला जवळजवळ राष्ट्रगीताचा मान मिळाला, ते ‘होम ऑन द रेंज’ लोमॅक्सने सॅन अँटोनियो येथे एका कृष्णवर्णीय माणसाकडून मिळवले होते. लोमॅक्सच्या संपादनपद्धतीवर अभ्यासकांनी पुढे आक्षेप घेतले. निरनिराळ्या गायकांकडून मिळालेली कडवी एकत्र करून त्याने अनेक पाठ सिद्ध केले होते. म्हणजे मौखिक परंपरेतून छापील पानावर येतानाच या गीतांवर पहिला संस्कार झाला होता, आणि तो एका विद्वानाने केला होता.

१९२२ साली रिटर ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठात दाखल झाला. वकील व्हावे असा त्याचा मनोदय होता. तेथे त्याला तीन माणसे भेटली. लोमॅक्स स्वतः त्या विद्यापीठाशी संबंधित होता. टेक्सासच्या लोकसाहित्याचा दुसरा मोठा संग्राहक जे. फ्रँक डोबी हा तेथे अध्यापक होता. संगीतकार ऑस्कर फॉक्स हा विद्यार्थ्यांच्या गायकवृंदाचा मार्गदर्शक होता, आणि काऊबॉयच्या चाली मैफलीच्या रंगमंचासाठी बांधण्याचे काम त्याने केले होते. या तिघांच्या प्रभावाने रिटरचे लक्ष कायद्यावरून गीतांकडे वळले. त्याने गीते जमवली, त्यांची पार्श्वभूमी अभ्यासली, आणि टेक्सासचा काऊबॉय व त्याची गाणी या विषयावर गायनासह व्याख्याने देण्यास प्रारंभ केला. पदवी मात्र त्याने घेतली नाही. पुढे नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात कायद्याचा अभ्यास पुन्हा हाती घेण्याचा त्याने प्रयत्न केला, तोही अपुरा राहिला. कुरणावर न घडलेला हा काऊबॉय ग्रंथालयात आणि व्याख्यानगृहात घडला, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

१९२८ साली तो न्यूयॉर्कला गेला आणि ‘द न्यू मून’ या संगीतिकेच्या पुरुषवृंदात त्याला काम मिळाले. १९३१ साली लिन रिग्ज याचे ‘ग्रीन ग्रो द लायलॅक्स’ हे नाटक रंगभूमीवर आले. ओक्लाहोमाच्या भूमीत जन्मलेल्या आणि चेरोकी वंशाचा वारसा असलेल्या रिग्जने त्या नाटकात लोकगीते गुंफली होती. रिटरकडे त्यात एक दुय्यम भूमिका आणि काही गीते होती. शिवाय प्रमुख नट फ्रँचॉट टोन याच्या भूमिकेची पर्यायी तयारीही त्याच्याकडे होती. याच नाटकावरून १९४३ साली रॉजर्स आणि हॅमरस्टाइन यांनी ‘ओक्लाहोमा!’ ही संगीतिका रचली. त्या वेळी लोकगीतांची जागा संपूर्णतया नव्या रचनांनी घेतली. न्यूयॉर्कच्या रसिकांना रिटरचे टेक्सासी उच्चार अपूर्वाईचे वाटत. ‘टेक्स’ हे नाव याच महानगरात रूढ झाले. तेथील नभोवाणीवर तो गाऊ लागला, मुलांसाठी कार्यक्रम करू लागला, आणि १९३३ साली त्याच्या पारंपरिक गीतांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या.

याच सुमारास हॉलिवूडमध्ये एका नव्या चित्रपटप्रकाराचा उदय होत होता. आर्थिक मंदीच्या काळात प्रेक्षकांना आकर्षित करण्यासाठी चित्रपटगृहे एकाच तिकिटात दोन चित्रपट दाखवू लागली. त्यांतील दुय्यम चित्रपट अल्प खर्चात आणि थोड्या दिवसांत तयार होई, आणि त्याची लांबी सुमारे एक तास असे. अशा चित्रपटांत पश्चिमेकडील साहसकथांचे प्रमाण मोठे होते, कारण त्यांना भव्य सजावट लागत नसे. लॉस एंजलिसजवळच्या टेकड्या, काही घोडे आणि लाकडी दर्शनी भिंतींची एक वस्ती एवढे पुरे होई. १९३५ साली रिपब्लिक या कंपनीने जीन ऑट्री या गायकाला नायक करून या प्रकारात गाणे आणले, आणि त्याला विलक्षण लोकप्रियता मिळाली. गाणे हे दंगल किंवा घोडदौड यांच्या चित्रीकरणापेक्षा स्वस्त पडते, हेही निर्मात्यांच्या ध्यानात आले असणार. मग प्रत्येक लहान कंपनीला एक गाणारा काऊबॉय हवासा झाला. १९३६ साली स्थापन झालेल्या ग्रँड नॅशनल या कंपनीसाठी निर्माता एडवर्ड फिनी याने रिटरला करारबद्ध केले.

त्याचा पहिला चित्रपट ‘साँग ऑफ द ग्रिंगो’ १९३६ च्या नोव्हेंबरमध्ये प्रदर्शित झाला. जॉन मॅकार्थी हा त्याचा दिग्दर्शक होता. मेक्सिकन लोक परकीय गोऱ्याला ‘ग्रिंगो’ म्हणतात, तेव्हा शीर्षकातच दोन समाजांची सरहद्द सूचित झाली होती. या चित्रपटात न्यायाधीशाच्या भूमिकेत अल जेनिंग्ज हा वृद्ध गृहस्थ होता. तो तरुणपणी वकील होता, नंतर आगगाड्या लुटणारा दरोडेखोर झाला, तुरुंगात गेला, आणि राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट याच्याकडून त्याला माफी मिळाली. खरा दरोडेखोर न्यायासनावर आणि कायद्याचा विद्यार्थी काऊबॉयच्या वेषात, असे हे चित्र होते. पश्चिमेचा इतिहास आणि त्याचे नाट्य यांच्यातील अंतर त्या काळी किती कमी उरले होते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

ग्रँड नॅशनलसाठी रिटरने बारा चित्रपट केले. त्यांपैकी १९३७ च्या ‘ट्रबल इन टेक्सास’मध्ये रीटा कॅन्सिनो नावाची तरुण नटी होती. रीटा हेवर्थ या नावाने ती पुढे जगद्विख्यात झाली. या चित्रपटांची कथानके एकमेकांची भावंडे वाटतील अशी आहेत. भूमी बळकावू पाहणारा सावकार वा व्यापारी, फसवला गेलेला वृद्ध, त्याची कन्या, वाटेवरून आलेला अनोळखी स्वार, आणि अखेरीस मारामारी. गीते या सांगाड्यात जेथे जागा मिळेल तेथे बसवलेली असत. गीताचा श्रमाशी असलेला मूळ संबंध तुटला होता. पहाऱ्यावर जनावरांना ऐकवण्याचे गाणे आता शेकोटीभोवती मित्रांना, किंवा खिडकीतील तरुणीला ऐकवले जाई. ज्या कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन माणसांनी ही परंपरा घडवण्यास हातभार लावला होता, त्यांपैकी पहिले या प्रकारच्या चित्रपटांत बहुधा अदृश्य झाले आणि दुसरे पार्श्वभूमीला किंवा खलपक्षाला गेले. हा दोष रिटरचा एकट्याचा नव्हे, पण त्याच्या वाट्यालाही तो येतो. असे असूनही एक भेद नोंदवला पाहिजे. इतर गायक नट नव्याने रचलेल्या गोड प्रेमगीतांवर भर देत असता रिटर जुनी गीते आग्रहाने गात राहिला. त्याचा खर्जातला, किंचित खरखरीत आवाज आणि शब्द ओढून उच्चारण्याची पद्धत यांमुळे त्या स्वस्त चौकटीतही गीताला काही मूळचा कस राहिला.

ग्रँड नॅशनलची आर्थिक स्थिती लवकरच कोसळली. १९३८ पासून रिटरने मोनोग्राम या तितक्याच लहान कंपनीसाठी वीस चित्रपट केले. त्यानंतर कोलंबियात बिल एलियट आणि युनिव्हर्सलमध्ये जॉनी मॅक ब्राउन यांच्या जोडीने तो दिसला, आणि १९४५ साली प्रोड्यूसर्स रिलीजिंग कॉर्पोरेशनच्या मालिकेबरोबर त्याची नायकाची कारकीर्द संपली. नऊ वर्षांत पन्नासहून अधिक चित्रपट झाले, पण ऑट्री किंवा रॉय रॉजर्स यांना लाभलेले पाठबळ त्याला एकाही कंपनीकडून मिळाले नाही. त्याचा ‘व्हाइट फ्लॅश’ हा घोडा आणि तो स्वतः गावोगाव दौरे करीत. १९४१ साली त्याने आपल्या काही चित्रपटांची नायिका डोरोथी फे हिच्याशी विवाह केला. त्यांना दोन मुलगे झाले. त्यांपैकी जॉन रिटर (१९४८–२००३) दूरचित्रवाणीवरील नट म्हणून प्रसिद्धीस आला.

१९४२ साली नव्याने स्थापन झालेल्या कॅपिटॉल या ध्वनिमुद्रण कंपनीने या गायनप्रकारातील आपला पहिला कलावंत म्हणून रिटरला घेतले. १९४४ आणि १९४५ या वर्षांत त्याच्या एकाहून अधिक गीतांनी ‘बिलबोर्ड’च्या यादीत पहिले स्थान मिळवले. ही गीते कुरणावरची नव्हती. फसलेल्या प्रेमाची, नव्याने लिहिलेली ती गीते होती. पडदा त्याला सोडीत असता बाजाराने त्याला जवळ केले, पण त्यासाठी त्याला आपल्या अभ्यासविषयापासून दूर जावे लागले.

१९५२ साली फ्रेड झिनेमन याच्या ‘हाय नून’ या चित्रपटात पुन्हा त्याचा आवाज ऐकू आला. विवाहाच्या दिवशीच मृत्यूला सामोरे जाणाऱ्या एकाकी अधिकाऱ्याची ती कथा आहे. आरंभापासून एक कथागीत वारंवार येते आणि नायकाचे न बोललेले मन प्रकट करते. रिटर पडद्यावर एकदाही दिसत नाही. आपल्या पन्नासांवर चित्रपटांत गाणे कथेला थांबवीत असे. येथे गाणे हीच कथेची गती झाली. हे गीत परंपरेतले नव्हे. त्याची चाल युक्रेनमध्ये जन्मलेल्या दिमित्री टियॉमकिनची, शब्द नेड वॉशिंग्टनचे, आणि दिग्दर्शकही ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात जन्मलेला. तरीही ते जुन्या कथागीतासारखे वाटते, आणि याचे श्रेय पुष्कळ अंशी गायकाला आहे. तीस वर्षे ज्या गीतांचा त्याने अभ्यास केला होता, त्यांची लय त्याच्या आवाजात उतरली होती. १९ मार्च १९५३ रोजी अकादमी पुरस्कारांचा समारंभ प्रथमच दूरचित्रवाणीवरून दाखवला गेला. त्या वेळी रिटरने हे गीत गायले, आणि गीतकार-संगीतकारांना पुरस्कार मिळाला. विक्रीत मात्र फ्रँकी लेन याची ध्वनिमुद्रिका त्याच्या पुढे गेली.

उत्तरायुष्यात तो संस्थात्मक कार्याकडे वळला. कंट्री म्युझिक असोसिएशनच्या संस्थापकांत तो होता, आणि पुढे तिचा अध्यक्षही झाला. १९६४ साली कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला, आणि १९६५ साली तो नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’त दाखल झाला. १९७० साली टेनेसीतून सिनेटसाठी रिपब्लिकन पक्षाची उमेदवारी मिळवण्याचा त्याचा प्रयत्न बिल ब्रॉक याच्यापुढे अयशस्वी झाला, आणि त्या प्रचाराने त्याच्यावर कर्जाचा भार टाकला. त्यामुळे वृद्धापकाळीही दौरे थांबले नाहीत. २ जानेवारी १९७४ रोजी आपल्या वाद्यवृंदातील एका वादकाच्या जामिनाची व्यवस्था करण्यासाठी तो नॅशव्हिलच्या तुरुंगात गेला असता तेथेच हृदयविकाराने त्याचा मृत्यू झाला.

लोकगीताच्या अभ्यासात संग्राहकाचा पाठ शुद्ध आणि चित्रपटातील पाठ भ्रष्ट अशी सोपी विभागणी पुष्कळदा केली जाते. रिटरच्या चरित्रात ती टिकत नाही. संग्राहकाने कडवी जोडली, संगीतकाराने चाली मैफलीसाठी बांधल्या, नाटककाराने त्या कथानकात बसवल्या, आणि स्वस्त चित्रपटाने त्या एका तासात कोंबल्या. प्रत्येकाने काही गाळले आणि काही राखले. सर्वांत जास्त गाळले ते अखेरच्याने. परंतु ज्या लहान गावांपर्यंत लोमॅक्सचा ग्रंथ कधी पोचला नसता, तेथे शनिवारी दुपारी ही गीते पोचली, तीही अखेरच्यामुळेच. या सर्व पायऱ्यांवरून एकच माणूस चालत गेला, आणि त्याला प्रत्येक पायरीची जाणीव होती, हे त्याचे वेगळेपण होय. टेक्सासमधील पोर्ट नेचेस येथे, ज्या तेलप्रदेशात तो वाढला त्याच परिसरात, त्याचे दफन झाले. गुरांच्या जुन्या वाटा तेथून पुष्कळ दूर आहेत.