वॉल्डेमार हाफकिन : प्लेगवरील लसीचे जनक

आपल्या ज्ञातीच्या वार्षिक स्मरणिकेत बहुधा ज्ञातीतील दिवंगत कर्त्या पुरुषांची चरित्रे येतात, आणि ते उचितच आहे. या खेपेस मात्र आम्ही ज्या पुरुषाचा परिचय वाचकांस करून देत आहोत, तो ना आपल्या ज्ञातीचा, ना आपल्या देशाचा, ना आपल्या भाषेचा. तथापि १८९६ च्या प्लेगमधून ज्यांची घराणी निभावली अशा मुंबईकर कुटुंबांपैकी कित्येकांवर त्याचे ऋण आहे. परळला त्याच्या नावाची संस्था आहे, तिच्यावरून आपण नित्य जातो-येतो; परंतु हाफकिन हे माणसाचे नाव आहे की गावाचे, हेही आपल्या तरुण मंडळींपैकी अनेकांस सांगता येणार नाही, असा आमचा अनुभव आहे.

वॉल्डेमार मॉर्देकाय हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरी एका ज्यू कुटुंबात झाला. हा प्रदेश त्या काळी रशियन साम्राज्यात मोडत असे. १८७९ साली ते ओडेसाच्या विद्यापीठात दाखल झाले. तेथे त्यांस इल्या मेच्निकोव्ह यांच्यासारखे प्राणिशास्त्राचे गुरू लाभले. ज्यूंवरील अत्याचारांचा तो काळ होता. १८८१ च्या दंगलीत आपल्या समाजाचे रक्षण करताना हाफकिन जखमी झाले आणि वर त्यांनाच अटक झाली. मेच्निकोव्हांनी रदबदली केली म्हणून ते सुटले. विद्यापीठात शिक्षकाची जागा मिळण्यास धर्मांतराची अट होती. ती त्यांनी नाकारली आणि १८८८ साली देश सोडला.

जिनीव्हात अल्पकाळ काढून १८८९ साली ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आले. गुरू मेच्निकोव्ह आधीच तेथे होते. शिष्यास जागा मिळाली ती ग्रंथपालाची! ग्रंथांची व्यवस्था पाहून उरलेल्या वेळात ते प्रयोगशाळेत बसत. पॅरामीशियम नावाच्या एकपेशीय जीवाच्या पोटात राहणाऱ्या जंतूंवर त्यांनी १८९० साली संशोधन प्रसिद्ध केले. डबक्यातील पाण्यात वळवळणाऱ्या, डोळ्यांस न दिसणाऱ्या प्राण्याच्या अंगातील जंतू! व्यवहारी माणूस विचारील, याचा लोकांस उपयोग काय? अशाच अभ्यासाने हाफकिनांचा हात आणि डोळा तयार झाला. विद्यापीठांतील संशोधनास निरुपयोगी म्हणून हिणवणारे आपल्यातही आहेत. त्यांनी या चरित्राचा पुढील भाग अवश्य वाचावा.

लवकरच हाफकिनांनी पटकीवर लस सिद्ध केली आणि १८ जुलै १८९२ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. १८९३ साली ते हिंदुस्थानात आले. दोन-सव्वादोन वर्षांत चाळीस हजारांहून अधिक लोकांस त्यांनी ही लस टोचली. कलकत्त्याच्या एका बस्तीत १८९४ साली लस दिल्यानंतर पटकीने जे दगावले, ते सर्व लस न घेतलेले होते. हाफकिन वैद्यकीची पदवी घेतलेले डॉक्टर नव्हते, प्राणिशास्त्रज्ञ होते. त्यामुळे सरकारी डॉक्टरांपैकी अनेकांस त्यांचे वावडे होते. हा आकस पुढे त्यांस फार भोवला.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात ग्रंथिक सन्निपाताचा रोगी आढळला. गोव्याचे सुपुत्र डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हे निदान केले. पाहता पाहता शहर ओस पडू लागले. लाखो माणसे मिळेल त्या गाडीने आणि गलबताने गावी पळाली. ऑक्टोबरात सरकारने हाफकिनांस मुंबईस धाडले. तेव्हा मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेल्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात त्यांस एक खोली आणि लगतचा व्हरांडा मिळाला; हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. जगातील पहिली परिणामकारक प्लेगची लस या खोलीत तयार झाली.

तिची कृती आमच्या गृहिणी वाचकांसही रंजक वाटेल. चंबूत मांसरस घ्यावयाचा. हिंदू-मुसलमानांच्या भावना दुखावू नयेत म्हणून तो शेळीच्या मांसाचा केलेला असे. वर तुपाचे थेंब तरंगत ठेवावयाचे आणि त्यात प्लेगचे जंतू सोडावयाचे. तुपाच्या थेंबांना धरून ते जंतू वडाच्या पारंब्यांप्रमाणे खाली लोंबू लागत. पारंब्या वाढल्या की चंबू हलवून त्या तळाशी पाडावयाच्या आणि पुन्हा नव्या वाढू द्यावयाच्या. असे काही आठवडे चालल्यावर रस तापवून जंतू मारावयाचे, म्हणजे लस तयार. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिनांनी दहा घन सेंटीमीटर लस स्वतःस टोचून घेतली. ही मात्रा पुढे लोकांस दिली गेली तिच्या कित्येक पट होती. अंग तापाने फणफणले, परंतु ते बरे झाले.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली. तेथील सुमारे निम्म्या कैद्यांनी लस घेतली. न घेतलेल्यांत बारा जणांस प्लेग झाला व सहा मेले; घेतलेल्यांत दोघांस झाला, मेला कोणीच नाही. १८९८ साली बडोद्याजवळच्या उंढेरा गावी त्यांनी प्रत्येक कुटुंबातील निम्म्या माणसांस लस टोचली. न टोचलेल्या ६४ जणांत २७ जणांस प्लेग होऊन २६ मरण पावले. टोचलेल्या ७१ जणांत ८ जणांस होऊन ३ मरण पावले. ज्या घरातील निम्मी माणसे लसीविना राहिली, त्या घरावर काय ओढवले असेल, हा विचार आमच्या मनातून जात नाही. तुरुंगातील कैद्याची संमती कितपत मोकळी असते, हीही शंका आहेच. तथापि औषधाचा गुण केवळ सांगोवांगी न मानता मोजून दाखविण्याची शिस्त हाफकिनांनी आपल्या देशात आणली, हे नाकारता येत नाही.

लस सिद्ध होणे एक आणि लोकांनी ती घेणे दुसरे. त्या काळी सरकारी उपाय म्हणजे घरझडत्या, सक्तीने रुग्णालयात नेणे आणि सामानाची होळी. पुण्यात या जाचाने लोक इतके चिडले की २२ जून १८९७ रोजी चाफेकर बंधूंनी रँड साहेबावर गोळी झाडली. सावित्रीबाई फुले याच साथीत रोग्यांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी वारल्या. मुंबईत निरनिराळ्या ज्ञातींनी आपापली प्लेगची रुग्णालये काढली, कारण परक्या हाती आपला माणूस सोपविण्याचे धैर्य कोणास होत नव्हते. ज्ञातिसंस्था कशासाठी, असे आज विचारणाऱ्यांनी हा इतिहास ध्यानी घ्यावा. हाफकिनांचा भर सक्तीवर नव्हता. लोकांनी राजीखुशीने टोचून घ्यावे, अशी त्यांची धारणा होती. एकोणीस वर्षांच्या आगाखानांनी स्वतः चारचौघांत टोचून घेतले, तेव्हा त्यांच्या हजारो अनुयायांची भीती मोडली. त्यांनी आपला खुश्रू लॉज हा बंगलाही प्रयोगशाळेसाठी दिला. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले.

आता दुःखाचा भाग सांगणे प्राप्त आहे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी १०७ जणांस लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जण पुढे धनुर्वाताने मेले. सर्वांस एकाच, ५३ एन क्रमांकाच्या बाटलीतील लस दिली होती. त्याच दिवशी इतर बाटल्यांतील लस घेतलेल्यांस काही झाले नाही. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. तरीही चौकशीचा रोख परळच्या प्रयोगशाळेवर वळला. लस लवकर व भरपूर व्हावी म्हणून हाफकिनांनी कृतीत फेरफार करून कार्बोलिक आम्ल वगळले होते. फेरफार करणाऱ्यावर तो निर्दोष असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी अधिक असते, हे आम्हांस मान्य आहे. परंतु लसीत धनुर्वाताचे जंतू प्रयोगशाळेतच शिरले असते, तर ४१ दिवसांत बाटलीस दुर्गंधी सुटली असती. उघडताना तशी ती कोणास आली नव्हती. हे साधे प्रमाण दूर सारले गेले. हाफकिनांचे अधिकारपद गेले आणि १९०४ साली ते मानहानी सोसून हिंदुस्थानाबाहेर पडले.

पुढे त्यांची बाजू घेतली ती शास्त्रज्ञांनी. मलेरियाचे संशोधक रोनाल्ड रॉस आणि इतर नामांकित जंतुशास्त्रज्ञांनी जुलै १९०७ मध्ये लंडनच्या टाइम्स पत्रात जाहीर पत्र लिहून चौकशीतील दोष उघड केले. त्या वर्षाअखेर सरकारने त्यांस दोषमुक्त केले. परळची प्रयोगशाळा मात्र त्यांस परत मिळाली नाही. कलकत्त्यास कमी अधिकाराच्या जागेवर त्यांनी उरलेली नोकरी केली, आणि वयाच्या पंचावन्नाव्या वर्षाच्या सुमारास ते युरोपात परतले. त्यानंतर त्यांचे संशोधन फारसे झाले नाही. आमच्या मते मुलकोवालच्या चिमट्याने आणखी एक बळी घेतला तो हा.

परळच्या प्रयोगशाळेस १९२५ साली त्यांचे नाव देण्यात आले, तेव्हा ते हयात होते. तोवरच्या २८ वर्षांत मुंबईहून प्लेगच्या लसीच्या दोन कोटी साठ लाख मात्रा बाहेर गेल्या होत्या. हाफकिन अविवाहित राहिले. आपली संपत्ती त्यांनी पूर्व युरोपातील ज्यू धर्मपाठशाळांच्या साहाय्यार्थ ठेवली. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे देहावसान झाले. १९६४ साली भारत सरकारने त्यांच्या चित्राचे टपाल तिकीट काढले.