भूमीला प्रयोजन देणारा राजा : राजर्षी शाहू छत्रपती

करवीर नगरीचे आजचे रूप न्याहाळताना प्रथम स्मरण व्हावे ते राजर्षी शाहू छत्रपतींचे. समाजसुधारक म्हणून त्यांची थोरवी सर्वश्रुत आहे. परंतु कोणती जमीन कोणत्या कार्यास लावावी, याविषयीची त्यांची दूरदृष्टी तितकीशी सांगितली जात नाही.

कागलच्या घाटगे घराण्यात २६ जून १८७४ रोजी महाराजांचा जन्म झाला. १७ मार्च १८८४ रोजी ते करवीरच्या गादीवर दत्तक आले व २ एप्रिल १८९४ रोजी राज्यकारभार त्यांनी स्वहस्ते घेतला. दुसऱ्याच वर्षी, १८९५ मध्ये, त्यांनी शाहूपुरीची व्यापारपेठ वसविली आणि गुळाच्या व्यापारास हक्काचे स्थान लाभले. पुढे १९१७ मध्ये मिरजेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, आपल्या जन्मदात्या पित्याच्या नावे, आखीव रस्त्यांचे जयसिंगपूर त्यांनी उभे केले.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पडलेल्या दुष्काळांनी रयतेची दैना महाराजांनी डोळ्यांनी पाहिली होती. म्हणून १९०२ मध्ये त्यांनी संस्थानाचे पाटबंधारेविषयक धोरण जाहीर केले आणि १९०९ मध्ये भोगावतीवरील राधानगरी धरणाच्या कामास प्रारंभ झाला. द्रव्याभावी ते मध्येच थांबले व महाराजांच्या हयातीत अपुरेच राहिले. स्वातंत्र्योत्तर काळात ते पूर्णत्वास गेले. त्याच परिसरातील दाजीपूरचे रान महाराजांनी शिकारीसाठी राखले होते. १९५८ मध्ये ते अभयारण्य झाले व २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात त्याची गणना झाली. राखलेली भूमी राखणाऱ्याच्या कल्पनेपलीकडेही फळ देते, ते असे.

नगरातही हीच दृष्टी दिसते. रोम येथील प्राचीन क्रीडागार पाहून आलेल्या महाराजांनी खासबागेचे कुस्ती मैदान बांधविले. त्याच्या शेजारीच १९१५ मध्ये पॅलेस थिएटर उभे राहिले. मल्लविद्या व नाट्यकला यांना त्यांनी नगराच्या मध्यभागी मानाची जागा दिली.

परंतु आपणा सर्वांवर अधिक मोठे ऋण आहे ते वसतिगृहांचे. १९०१ मध्ये मराठा व जैन विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांनी प्रारंभ झाला. पुढे मुस्लिम, लिंगायत, शिंपी, सारस्वत आदी समाजांची, तसेच १९०८ मध्ये अस्पृश्य गणल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह, अशी एकामागून एक वसतिगृहे निघाली. महाराजांनी त्यांना जागा, इमारती व उत्पन्ने दिली. खेड्यातील गरीब मुलास शहरात पाठ टेकण्यास स्थान नसेल, तर शाळेचे दार उघडे असूनही ते त्याला बंदच, हे त्यांनी अचूक ओळखले होते.

६ मे १९२२ रोजी मुंबई येथे महाराजांचे देहावसान झाले. त्यांनी योजिलेल्या वास्तूंचे भवितव्य मात्र आपल्या हाती आहे. ८ ऑगस्ट २०२४ रोजी ते नाट्यगृह, म्हणजेच पुढील काळातील केशवराव भोसले नाट्यगृह, अग्नीच्या भक्ष्यस्थानी पडले, तेव्हा सारे कोल्हापूर हळहळले. अग्नीने होणारी हानी सर्वांना दिसते. प्रयोजन विसरल्याने होणारी हानी सहसा दिसत नाही. शहरातील जागेचे मोल वाढले की विद्यार्थ्यांच्या खोल्यांपेक्षा दुकानांचे भाडे अधिक मोहक वाटू लागते. ज्या ज्या समाजाकडे अशी दानभूमी आहे, त्याने स्वतःस तिचा मालक न मानता विश्वस्त मानावे. तेथे गरजू विद्यार्थ्याचा दिवा तेवत राहणे, हेच महाराजांचे खरे स्मारक होय.