नवखा संशोधक आणि विद्वानांची सभा

विद्येच्या क्षेत्रात नव्याने पाऊल टाकणाऱ्या तरुणाला दोन चिंता ग्रासून असतात. आपले नाव जाणत्यांपर्यंत पोचावे कसे आणि थोरामोठ्यांपुढे आपले मत मांडण्याचे धैर्य आणावे कोठून? डॉ. बाबासाहेब आंबेडकर घटनेचे शिल्पकार म्हणून सर्वांना ठाऊक आहेत. परंतु पंचविशी-तिशीत तेही अर्थशास्त्राचे नवखे संशोधकच होते, याचा सहसा विसर पडतो.

बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती मिळवून १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. अर्थशास्त्राचा अभ्यास चालू असतानाच मे १९१६ मध्ये त्यांनी प्रा. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला. पुढच्याच वर्षी तो 'इंडियन अँटिक्वेरी'त छापून आला. आधी मोजक्या जाणकारांपुढे वाचन आणि मग मुद्रण, असा हा क्रम होता.

त्यानंतर लंडनमध्ये सुरू केलेला अभ्यास शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये अर्धवट टाकावा लागला. ग्रंथसंग्रह ज्या जहाजाने येत होता ते युद्धात बुडाले. बडोद्यास नोकरी होती, पण अस्पृश्य म्हणून राहावयास जागा मिळेना. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. तेथेही त्यांनी सामाईक भांड्यातील पाणी घेण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. त्याच वर्षी भारतातील लहान शेतजमिनींवरील त्यांचा लेख इंडियन इकॉनॉमिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जमिनीचा तुकडा लहान की मोठा हे केवळ क्षेत्रफळावरून ठरत नाही, तर त्यावर राबणारे भांडवल व श्रम यांच्या प्रमाणावरून ठरते, हा त्यातील मुद्दा. शेतीवरील माणसांचा भार हलका करण्यासाठी त्यांनी उद्योगीकरणाचा उपाय सुचविला होता.

पगारातील शिल्लक, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्राकडील कर्ज यांच्या बळावर १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. त्यांनी प्रबंधासाठी रुपयाचा प्रश्न निवडला. भारतासाठी सुवर्ण विनिमय पद्धतीचा पुरस्कार करणारे केन्स यांचे पुस्तक १९१३ सालीच आले होते. या पद्धतीत सरकारच्या चलननिर्मितीवर पुरेसा निर्बंध राहत नाही आणि भाववाढीची झळ सामान्यांना बसते, असे आंबेडकरांनी चलनाच्या इतिहासाच्या आधारे प्रतिपादिले. परीक्षकांनी प्रबंध परत पाठविला, तेव्हा मांडणीत फेरफार झाले, निष्कर्ष मात्र कायम राहिले. १९२३ मध्ये तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्याला प्रस्तावना लिहिणारे प्रा. एडविन कॅनन त्यांच्या सर्व मतांशी सहमत नव्हते आणि तसे त्यांनी प्रस्तावनेत नमूदही केले. विरोधी मत असलेल्या गुरूची प्रस्तावना लाभणे, हा त्या युक्तिवादाच्या कसाचाच दाखला होय.

डिसेंबर १९२५ मध्ये हिल्टन यंग चलन आयोगापुढे साक्ष देण्यास ते उभे राहिले, तेव्हा त्यांचे वय अवघे चौतीस होते. ज्या समाजाने त्यांना पाण्याच्या भांड्याजवळ येऊ दिले नाही, त्या समाजाकडून आत्मविश्वास उसना मिळणे शक्यच नव्हते. तो त्यांनी ग्रंथालयात, पुराव्यांच्या राशीतून मिळविला. आज अध्यापकाची योग्यता छापील निबंधांच्या संख्येवर मोजण्याची प्रथा रूढ झाली आहे. अशा वेळी तरुण संशोधकाने निबंधांची यादी वाढविण्यापूर्वी आपला एखादा प्रश्न निवडावा, तो शेवटपर्यंत तडीस न्यावा आणि मतभेद असलेल्या जाणकाराच्या हाती निःशंकपणे द्यावा, हेच अधिक श्रेयस्कर होय.