कुदळ, बायबल आणि फादर लाग्रांज



प्रायश्चित्तकाळ सुरू झाला की टीव्हीवर, आणि हल्ली मोबाइलवरही, एक विषय हमखास येतो. कुठेतरी उत्खनन झाले आणि बायबल खोटे ठरले, किंवा खरे ठरले. आपली मुले याविषयी उघडपणे विचारतात. मोठी माणसे विचारत नाहीत, पण मनात शंका असतेच. ज्यांनी याच प्रश्नासाठी आयुष्य वेचले, त्या फादर मारी-जोसेफ लाग्रांज यांचा स्मृतिदिन १० मार्चला असतो. त्यानिमित्त त्यांची ही ओळख.

त्यांचा जन्म ७ मार्च १८५५ रोजी फ्रान्समधील बूर-आं-ब्रेस या गावी झाला. पॅरिसमध्ये त्यांनी कायद्याची डॉक्टरेट मिळवली, पण वकिली केली नाही. १८७९ साली ते डॉमिनिकन संघात दाखल झाले. पुढच्याच वर्षी फ्रेंच सरकारने संघाला मठांबाहेर काढले, तेव्हा हे तरुण व्रतस्थ स्पेनमध्ये सालामांका येथे गेले. १८८३ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. वरिष्ठांनी त्यांना पौर्वात्य भाषा शिकण्यासाठी व्हिएन्नाला पाठवले आणि तिथून थेट जेरुसलेमला.

तिथे १५ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांनी बायबल-अभ्यासाची शाळा उघडली. दमास्कस वेशीबाहेर, जिथे संत स्तेफनला दगडमार झाला असे परंपरा सांगते, त्या आवारात शहराचा जुना कत्तलखाना होता. जनावरे बांधायच्या कड्या भिंतीत तशाच होत्या. एक टेबल, एक फळा आणि एक नकाशा, एवढेच सामान. पुस्तके जवळपास नव्हतीच. हीच ती ‘एकोल बिब्लिक’. फादरांचा आग्रह असा की बायबल ज्या भूमीत घडले त्या भूमीवर, उंटावर बसून, शिलालेख उतरवून, खापऱ्या हाताळून ते शिकावे. १८९२ साली त्यांनी या अभ्यासासाठी नियतकालिकही सुरू केले.

तो काळ अवघड होता. १८७२ साली लंडनमध्ये जॉर्ज स्मिथ यांना एका बाबिलोनी मातीच्या विटेवर जलप्रलयाची कथा सापडली होती. नोहाच्या कथेशी तिचे साम्य डोळ्यांत भरणारे होते. पुढे १९०१-०२ च्या हिवाळ्यात इराणमधील सूसा येथे हम्मुराबी राजाचा कायदा कोरलेला शिलास्तंभ मिळाला. त्याचे पहिले भाषांतर केले फादर शेल यांनी, आणि तेही डॉमिनिकनच होते. माणसाला शिंग मारणाऱ्या बैलाविषयीचा नियम मोशेच्या नियमशास्त्रात आहे आणि त्याहून कितीतरी जुन्या या दगडावरही आहे. मग बायबल म्हणजे बाबिलोनची नक्कल काय, असा गदारोळ युरोपात उठला.

स्वतः फादरांनाही प्रश्न पडले होते. १८९३ साली ते सिनायच्या वाळवंटात गेले. निर्गमच्या पुस्तकातील वाटा, पाण्याच्या जागा, डोंगर हे सारे त्या भूमीशी जुळताना त्यांना दिसले. पण नुसते पुरुषच सहा लाख, शिवाय बायका-मुले आणि गुरेढोरे, एवढा समुदाय त्या रखरखाटात वर्षानुवर्षे कसा राहिला असेल? आठवण खरी, पण ती सांगण्याची रीत प्राचीन माणसांची, या निष्कर्षाला ते आले.

मला इथे त्यांच्यातला कायदेपंडित दिसतो. आपल्याकडे जमिनीचा वाद निघाला की जाणता माणूस आधी कागद पाहतो: हे खरेदीखत आहे, मृत्युपत्र आहे की नुसते घरगुती पत्र? खरेदीखतात आईची माया शोधत नाहीत आणि आईच्या पत्रात गट नंबर शोधत नाहीत. उत्पत्तीची पहिली पाने भूगर्भशास्त्राचा दाखला म्हणून लिहिलेलीच नसतील, तर त्या दाखल्यावरून त्यांना खोटे ठरवणार कसे? १९०२ साली तुलूझ येथे दिलेल्या व्याख्यानांत फादरांनी हेच मांडले. देवाने त्या लोकांशी त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच कथाप्रकारांतून संवाद साधला.

पण ही युक्ती सगळीकडे चालत नाही, आणि फादरांनी ती सगळीकडे चालवलीही नाही. अडचणीचे दिसले की दृष्टांत म्हणून मोकळे व्हायचे, हा त्यांचा स्वभाव नव्हता. फ्रान्समधील आल्फ्रेड लुआझी यांनी योहानाच्या शुभवर्तमानातील बरेच काही प्रतीकांत जमा केले, तेव्हा फादर त्यांच्या विरोधात उभे राहिले. येशू पोंती पिलाताच्या अमलाखाली मरण पावला आणि उठला, हे घडले नसेल तर श्रद्धेत काही उरत नाही. संत पौलानेही करिंथकरांना हे स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे आपली श्रद्धा इतिहासासमोर उघडी आहे. ही जोखीम मान्य करूनच ते संशोधन करत होते.

दुर्दैवाने संशय घरातूनच आला. पोप दहावे पायस यांच्या काळात आधुनिकतावादाविरुद्ध मोहीम सुरू होती. फादरांच्या उत्पत्तीवरील भाष्याला प्रकाशनाची परवानगी मिळाली नाही. २९ जून १९१२ रोजी रोमहून आदेश निघाला की त्यांची काही पुस्तके सेमिनऱ्यांत वापरू नयेत. त्यांनी पोपमहोदयांना पत्र लिहून आज्ञा मान्य केली, जेरुसलेम सोडले आणि पॅरिसला गेले. त्यांच्यावर अन्याय झाला, हे आज धर्मगुरू म्हणून लिहायला मला संकोच वाटत नाही. पुढच्या वर्षी त्यांना परत पाठवण्यात आले. जुन्या कराराचा वादग्रस्त भाग बाजूला ठेवून ते शुभवर्तमानांकडे वळले आणि १९२५ पर्यंत चारही शुभवर्तमानांवर त्यांची जाडजूड भाष्ये पूर्ण झाली.

१९४३ साली पोप बारावे पायस यांनी परिपत्रक काढून प्राचीन लेखनप्रकार ओळखूनच बायबलचा अर्थ लावावा असे सांगितले. फादरांना जाऊन तेव्हा पाच वर्षे झाली होती. व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली हाच धागा पुढे नेला. त्यांच्याच शाळेतील फादर रोलां द व्हो यांनी १९५१ ते १९५६ या काळात मृत समुद्राजवळ कुमरान येथे उत्खनन केले. तिथल्या गुहेत मिळालेली यशयाची गुंडाळी तोवर माहीत असलेल्या हिब्रू हस्तलिखितांहून सुमारे हजार वर्षे जुनी निघाली, आणि मजकूर बहुतांशी तोच होता. उलट जेरिकोला १९५२ ते १९५८ या काळात कॅथलीन केन्यन यांनी खणले, तेव्हा यहोशवाच्या मानल्या जाणाऱ्या काळाची तटबंदी मिळाली नाही. जेरुसलेममध्ये संत अॅनाच्या चर्चशेजारी मात्र योहानाने सांगितलेले बेथेस्दाचे तळे उघडे झाले. कुदळ अशी दोन्ही बाजूंनी चालते. फादर असते तर दोन्ही बातम्या सारख्याच लक्षपूर्वक वाचल्या असत्या.

प्रकृती ढासळल्यामुळे १९३५ साली ते फ्रान्सला परतले. १० मार्च १९३८ रोजी सें-माक्सिमें येथील मठात त्यांचे देहावसान झाले. १९६७ साली त्यांचे अवशेष जेरुसलेमला त्यांच्या शाळेच्या आवारातील संत स्तेफनच्या मंदिरात आणले गेले. त्यांना धन्यवादित घोषित करण्याची प्रक्रिया १९८८ साली सुरू झाली. निधनाच्याच वर्षी त्यांच्या नियतकालिकात त्यांचा एक लेख छापून आला. १९१२ पासून बाजूला ठेवलेलाच विषय वयाच्या ८३ व्या वर्षी त्यांनी पुन्हा हाती घेतला होता: उत्पत्तीचे पुस्तक मोशेने लिहिले का?