गादी मराठी, प्रजा गुजराती

बडोद्याच्या पश्चिमेस असलेले गोत्री हे एकेकाळचे खेडे. आज ते शहराच्या पोटात विरून गेले आहे. या गावाने गायकवाडांचा अंमल पाहिला, १९४९ साली मुंबई राज्यातील विलीनीकरण पाहिले आणि १९६० साली ते गुजरातचे झाले. गाव जागचे हलले नाही. पालटली ती त्याची ओळख. भाषेच्या नावाने माणसे कशी जोडली आणि तोडली जातात, हे १९६७ चा जनमत कौल अनुभवलेल्या गोमंतकाला आम्ही सांगावयास नको. म्हणूनच तिसऱ्या सयाजीराव गायकवाडांच्या चरित्राचे स्मरण आम्हांस अगत्याचे वाटते.

नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी ११ मार्च १८६३ रोजी जन्मलेला गोपाळ हा शेतकरी घरातला मुलगा. इंग्रजांनी मल्हाररावांना पदच्युत केल्यानंतर, १८७५ साली, महाराणी जमनाबाईंनी त्याला दत्तक घेतले. बाराव्या वर्षी अक्षरे गिरवू लागलेल्या या मुलास मराठीबरोबर गुजरातीही शिकावी लागली. कारण गादी मराठी असली तरी प्रजा बहुतांशी गुजराती होती. शिवाय नवसारीचे पारशी, ओखामंडळातील वाघेर, डोंगराळ मुलखातील आदिवासी आणि ठिकठिकाणचे मुसलमान हेही तिचेच घटक होते.

१८८१ साली अधिकारसूत्रे हाती आल्यावर राजाची भाषा प्रजेवर लादण्याचा मोह महाराजांना झाला नाही. कारभारात त्यांनी गुजरातीला मानाचे स्थान दिले. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ साली अमरेली भागात आरंभून १९०६ साली तो राज्यभर नेला. १९१० पासून गावोगाव ग्रंथालये उभी केली. तरीही मायबोलीशी त्यांचे नाते तुटले नाही. १९३२ साली कोल्हापूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनीच भूषविले.

उणिवा होत्याच. महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकून आलेल्या डॉ. आंबेडकरांना १९१७ साली बडोद्यात राहण्यास जागा मिळू नये, ही त्या राज्याची लाजिरवाणी कहाणी होय. राजाचा हुकूम समाजाच्या मनापर्यंत पोहोचला नाही. अंतिम सत्ताही महाराजांनी प्रजेच्या हाती कधी सोपविली नाही. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी त्यांचे निधन झाले आणि अवघ्या दहा वर्षांत संस्थानच उरले नाही.

यात काळाचा एक विलक्षण न्याय आहे. ज्या शाळा महाराजांनी काढल्या, त्यांत शिकलेला कुणब्याचा पोर स्वतःस गायकवाडांची रयत न म्हणविता गुजराती आणि भारतीय म्हणवू लागला. राजनिष्ठेची जागा राष्ट्रनिष्ठेने घेतली. तिची मुळाक्षरे मात्र राजाच्याच पाटीवर गिरविली गेली होती. आपल्या भाषेवर प्रेम करावयाचे तर शेजाऱ्याची भाषा खुजी करावी लागत नाही, हा त्या मराठी राजाचा धडा आहे. गोमंतकातील कोकणी आणि मराठी या दोन्ही पक्षांच्या अभिमान्यांनी तो मनाशी धरावा, एवढीच आमची विनंती आहे.