मलिक अंबर : बुऱ्हाणपूरच्या वेशीबाहेरचा माणूस

आपल्या बुऱ्हाणपूर जिल्ह्याचा इतिहास सांगायला बसले की बहुतेक वेळा शाही किल्ल्यापासून सुरुवात होते. हमामखाना, अकबरी सराय, आहुखाना, मुमताज बेगमचा मृत्यू, आणि मग असीरगड. हे सगळे खरे आहे आणि पाहण्यासारखेही आहे. पण हा सगळा इतिहास तटाच्या आतल्या लोकांचा आहे. ज्याच्या भीतीने मोगलांनी या शहरात वर्षानुवर्षे एवढी फौज ठेवली, एकामागून एक शहजादे इथे पाठवले, त्या तटाबाहेरच्या माणसाबद्दल आपल्याकडे फारसे बोलले जात नाही. त्याचे नाव मलिक अंबर. या वर्षीच्या स्मरणिकेत त्याचे चरित्र थोडक्यात सांगावे, असे मनात आले.

अंबराचा जन्म सुमारे १५४८ साली आफ्रिकेत, आजच्या इथिओपियात झाला. आपल्याकडे त्या देशाला हबसाण म्हणत, म्हणून तिथले लोक हबशी. त्याचे लहानपणीचे नाव चापू असल्याचे सांगतात. पोरवयातच तो गुलाम म्हणून विकला गेला. तांबड्या समुद्रापलीकडे येमेनमधल्या मोखा बंदरात आणि पुढे बगदादला त्याचे मालक बदलत गेले. त्यांतल्या मीर कासिम नावाच्या व्यापाऱ्याने मुलाची हुशारी ओळखून त्याला लिहायला-वाचायला शिकवले, हिशेब शिकवला आणि अंबर हे नाव दिले. पुढे समुद्रमार्गे तो दख्खनमध्ये आला. इथे त्याला विकत घेतले अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने. हा चंगीझखान मंगोलांचा नव्हे. तो स्वतःही एके काळचा हबशी गुलाम होता आणि आपल्या कर्तबगारीने राज्याच्या सर्वांत मोठ्या पदावर पोचला होता. दरबार कसा चालतो, फौज कशी पोसायची, वसूल कसा जमवायचा, हे अंबर याच घरात शिकला.

१५७५च्या सुमारास चंगीझखान मारला गेला आणि त्याच्या विधवेने अंबराला मोकळे केले. तेव्हा तो पंचविशी ओलांडलेला, ना घर ना गाव असा शिपाई होता. पुढची वीस वर्षे त्याने मिळेल तिथे चाकरी केली. काही काळ विजापूरच्या आदिलशाहीत होता. मलिक हा किताब त्याला तिथेच मिळाला. १५९५च्या आसपास तो निजामशाहीत परत आला तेव्हा त्याच्यापाशी जेमतेम दीडशे घोडेस्वार होते.

तो काळ निजामशाहीच्या पडझडीचा होता. अकबराच्या फौजा दख्खनवर चालून आल्या होत्या. चांदबिबीने अहमदनगरचा किल्ला शर्थीने लढवला, पण १६०० साली घरच्याच लोकांच्या हातून तिचा अंत झाला आणि किल्ला पडला. पुढच्याच वर्षी आपला असीरगडही अकबराच्या हाती गेला. राजधानी गेली, राजा कैदेत गेला, तेव्हा निजामशाही संपली असेच सर्वांना वाटले. अंबराने मात्र घराण्यातला एक वारस शोधून काढला, परांड्याच्या किल्ल्यात त्याला गादीवर बसवले आणि आपली मुलगी त्याला दिली. हाच दुसरा मुर्तजा निजामशहा. त्याच्या नावाने अंबर राज्य चालवू लागला. दीडशे स्वारांचे आता काही हजार झाले होते.

अंबराला देव्हाऱ्यात बसवायचे कारण नाही. राजू दखनी या प्रतिस्पर्ध्याला त्याने बळाने बाजूला केले. १६१० साली जावई मुर्तजाशी बिनसल्यावर त्याला विष दिले गेले, असे पुढे अंबराला भेटून गेलेल्या एका डच व्यापाऱ्याने लिहून ठेवले आहे. त्यानंतर गादीवर लहान मूल बसले आणि सत्ता पूर्णपणे अंबराच्या हाती आली. स्वतः गुलामीतून आलेल्या या माणसाने हबशी गुलाम विकत घेऊन त्यांची पलटण उभी केली. तो काळच तसा होता, पण हेही त्याच्या चरित्रात सांगितले पाहिजे.

त्याच १६१० साली अंबराने अहमदनगरचा किल्ला मोगलांकडून परत घेतला आणि खडकी या गावी नवी राजधानी वसवायला घेतली. हीच खडकी पुढे औरंगाबाद झाली आणि आता छत्रपती संभाजीनगर. जागा मोक्याची होती, पण मोठ्या वस्तीला पुरेल एवढे पाणी नव्हते. अंबराने उत्तरेकडच्या डोंगरउतारावर जमिनीखाली झिरपणारे पाणी धरले, भुयारी नहर खणून ते शहरात आणले आणि हौदांत सोडले. हवा खेळावी आणि गाळ काढता यावा म्हणून नहरीवर ठिकठिकाणी उभे झरोके ठेवले. ना मोट, ना रहाट. पाणी नुसत्या उताराने येत असे. उतार जास्त ठेवला तर पाणी नहर खात जाते, कमी ठेवला तर गाळ बसतो. ज्याने कधी लेव्हल घेतली आहे त्याला चारशे वर्षांपूर्वी हे साधणे किती अवघड होते ते सांगायला नको. नहर-ए-अंबरी या नावाने ते काम ओळखले जाते आणि पुढे सुमारे तीनशे वर्षे शहर ते पाणी प्यायले.

आता आपल्या बुऱ्हाणपूरकडे पाहा. इथे १६१५ साली, म्हणजे जवळजवळ त्याच वर्षांत, कुंडी भंडारा झाला. अब्दुर्रहीम खानखानान यांच्या काळात तबकुतुल अर्ज या इराणी जाणकाराने सातपुड्यातून तापीकडे झिरपणारे पाणी जमिनीखाली अडवले आणि शंभराहून जास्त कुंड्यांच्या मालिकेतून शहराकडे आणले. २०२४ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत त्याचे नाव आले, याचा आपल्याला अभिमान आहे. पण एक गोष्ट लक्षात घ्या. खानखानान आणि अंबर एकमेकांचे शत्रू. एकाचे ठाणे बुऱ्हाणपूर, दुसऱ्याचे खडकी. दोघांच्या फौजा वर्षानुवर्षे एकमेकींना भिडत होत्या आणि त्याच दिवसांत दोन्ही शहरांत जमिनीखाली सारख्याच रीतीची कामे चालू होती.

अंबराचे दुसरे मोठे काम जमिनीचे. त्याने जमिनीची मोजणी आणि प्रतवारी करवली, पिकाच्या मानाने धारा ठरवला, वसुलीचे मक्ते बंद केले आणि गावच्या पाटील-कुलकर्ण्यांचे वतनी हक्क पक्के केले. सततच्या लढायांनी ओस पडलेली गावे पुन्हा लागवडीला आली. ही पद्धत मलिकंबरी धारा म्हणून पुढे कित्येक पिढ्या महाराष्ट्रात ओळखली गेली आणि शिवकाळातल्या जमीनव्यवस्थेवर तिची छाप असल्याचे इतिहासकार मानतात.

आणि तिसरे काम गनिमी काव्याचे. मोगलांकडे तोफा होत्या, हत्ती होते, पैसा होता. अंबराकडे डोंगर होते आणि मराठे बारगीर होते. समोरासमोर लढायचे नाही, रसद तोडायची, छावणीला झोपू द्यायचे नाही, घाटात गाठायचे, ही रीत त्याने मोठ्या प्रमाणावर वापरली. वेरूळचे भोसले, सिंदखेडचे जाधव अशी घराणी याच राज्यात वर आली. शहाजीराजांची तरुणपणीची लष्करी शाळा म्हणजे अंबराची फौज.

हार त्याच्या वाट्याला आली नाही असे नाही. १६१६ साली खानखानानचा मुलगा शाहनवाजखान याने त्याचा पराभव केला आणि खडकी जाळली. १६१७ साली शहजादा खुर्रम बुऱ्हाणपुरात येऊन बसला तेव्हा अंबराला तह करून अहमदनगर सोडावे लागले. याच कामगिरीसाठी खुर्रमला शहाजहान हा किताब मिळाला. तीन वर्षांत अंबर पुन्हा उठला आणि थेट बुऱ्हाणपूरला वेढा घालून बसला. म्हातारे खानखानान तटाच्या आत अडकून पडले. शहाजहानला पुन्हा धावत यावे लागले आणि खडकी दुसऱ्यांदा उद्ध्वस्त झाली. अंबराने ती पुन्हा उभी केली. जहांगीर बादशहाला त्याचा एवढा राग होता की अबुल हसन या चित्रकाराकडून त्याने एक चित्र काढवून घेतले. त्यात बादशहा अंबराच्या तोडलेल्या मुंडक्यावर बाण सोडतो आहे. प्रत्यक्षात तसे कधीच घडले नाही. ते चित्र आज आयर्लंडमध्ये डब्लिनच्या संग्रहालयात आहे.

१६२४ साली मोगल आणि आदिलशाही एकत्र होऊन अंबरावर चालून आले. अहमदनगरजवळ भातवडी येथे त्याने तलावाचे पाणी सोडून शत्रूच्या छावणीभोवती चिखल करून टाकला आणि मग दोन्ही फौजांचा मोड केला. शहाजीराजे या लढाईत गाजले. त्यांचे धाकटे बंधू शरीफजी इथेच पडले. त्यानंतर बापाविरुद्ध बंड केलेल्या शहाजहानने याच अंबराचा आसरा घेतला आणि दोघांच्या फौजांनी मिळून बुऱ्हाणपूरला वेढा दिला. ज्या शहरातून शहाजहान अंबरावर दोनदा चालून गेला, त्याच शहराच्या तटाबाहेर तो आता अंबराच्या बाजूने उभा होता.

१६२६ साली वयाच्या ऐंशीच्या घरात अंबराला साधा मृत्यू आला. लढाईत नव्हे, कैदेतही नव्हे. त्याच्या मृत्यूनंतर जहांगीरच्याच दरबारातल्या इतिहासकाराने त्याच्या शौर्याची आणि बंदोबस्ताची मोकळ्या मनाने तारीफ लिहून ठेवली. मुलगा फत्तेखान याला मात्र राज्य टिकवता आले नाही. १६३३ साली दौलताबाद मोगलांना मिळाले. शहाजीराजांनी आणखी तीन वर्षे धडपड केली आणि १६३६ साली निजामशाही संपली. म्हणजे अंबराचे राज्य त्याच्यामागे दहा वर्षेच टिकले. त्याचा धारा आणि त्याची नहर पुढे शेकडो वर्षे चालली.

ज्यांना हे सारे डोळ्यांनी पाहायचे आहे त्यांच्यासाठी एका दिवसाची वाट सांगतो. बुऱ्हाणपूर, रावेर, भुसावळ, जळगाव, अजिंठा या रस्त्याने आदल्या दिवशी संभाजीनगरला मुक्कामी जावे. सकाळी भडकल दरवाजा पाहावा. मोगलांवरच्या विजयाची आठवण म्हणून अंबराने तो १६१२ साली बांधला. नहरीच्या खुणा शहरात विचारून पाहाव्यात. सगळे लोक पाणचक्की बघायला जातात, तीही पाहावी, पण ती अंबराच्या नंतरची आहे. दुपारपर्यंत दौलताबादचा किल्ला, आणि मग खुलताबाद. तिथे काळ्या दगडाच्या घुमटाखाली अंबर झोपला आहे. औरंगजेबाची कबर विचारणारे पुष्कळ भेटतात, अंबराची विचारणारे थोडे. संध्याकाळी वेरूळला घृष्णेश्वराचे दर्शन घ्यावे आणि मालोजीराजांच्या गढीपाशी थोडे थांबावे.

परतल्यावर बुऱ्हाणपुरात उतावळी नदीच्या काठी शाहनवाजखानाचा मकबरा जरूर पाहावा. लोक त्याला काला ताजमहल म्हणतात. खडकी जाळणारा तो हाच. आणि कुंडी भंडाऱ्यात लिफ्टने खाली उतरून ते थंड, स्वच्छ पाणी पाहावे.

हे सगळे आज सांगायचे कारण एवढेच. आपण मराठी माणसे पिढ्यान्‌पिढ्या या सीमेवर राहतो. इकडे बुऱ्हाणपूर, तिकडे धारणी. आपल्या गावाच्या नावातच तलाई आहे, आणि तरी उन्हाळ्यात पाण्याची चणचण आपल्याला नवी नाही. आफ्रिकेत विकला गेलेला एक पोर इथे येतो, या मातीला आपली मानतो, तिच्यासाठी लढतो आणि तिच्या पोटातले पाणी शोधून लोकांना देतो. त्याला मराठी कुळ नव्हते आणि हिंदू धर्मही नव्हता, म्हणून तो आपल्या आठवणीतून सुटावा हे बरे नाही. विसर्जनाला आपण नदी-तलावाशी जातोच. या वर्षी मंडळाच्या कार्यकर्त्यांनी त्याच ठिकाणचा गाळ आणि निर्माल्य काढण्याचा एक दिवस ठरवला, तर अंबराची आठवण केल्यासारखे होईल.

गणपती बाप्पा मोरया!